चाळिशीचा चष्मा आणि काचबिंदूची परीक्षा

मराठीत वाचनाच्या चष्म्याला 'चाळिशी' असे नाव आहे. वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास नेत्रभिंगाची लवचिकता कमी होते, जवळचे अक्षर धूसर दिसू लागते, आणि वर्तमानपत्र हातभर दूर धरून वाचणारा गृहस्थ एके दिवशी चष्म्याच्या दुकानात जातो. ठाणे, डोंबिवली व कल्याण या रेल्वेस्थानकांच्या परिसरात अशी दुकाने पावलोपावली आहेत. तेथे अक्षरांचा तक्ता दाखवून आणि निरनिराळी भिंगे लावून नंबर निश्चित केला जातो. दोन-चार दिवसांत चष्मा तयार होतो. अक्षर पुन्हा स्वच्छ दिसू लागले म्हणजे डोळे तपासून झाले, अशी त्या गृहस्थाची खात्री होते. बहुतेकांच्या बाबतीत या समजुतीने काही बिघडत नाही. परंतु काहींच्या बाबतीत ती दृष्टीवर बेतते. कारण ज्या वयात चाळिशी लागते त्याच वयापासून काचबिंदू या विकाराचा संभव वाढू लागतो, आणि हा विकार अक्षरांच्या तक्त्यावर दिसत नाही.

काचबिंदूमुळे दृष्टीचा नाश कसा होतो, तो ज्याचा त्याच्याच ध्यानात का येत नाही, आणि तो वेळीच ओळखण्यासाठी चाळिशीच्या चष्म्याचा प्रसंगच कसा उपयोगी पडू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नावाचा घोटाळा

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे एकमेकांसारखी असल्यामुळे पुष्कळांना हे दोन विकारही एकाच जातीचे वाटतात. या घोटाळ्याचे मूळ जुने आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिमिर, काच आणि लिंगनाश अशा दृष्टिनाशाच्या चढत्या पायऱ्या वर्णिल्या आहेत. त्यातील 'काच' हा शब्द आज आपण ज्याला काचबिंदू म्हणतो त्याच्याशी नेमका जुळत नाही. दुसरीकडे, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'अधिमंथ' नावाचा एक उग्र नेत्ररोग सांगितला आहे. त्यात डोळा घुसळून काढल्यासारखी वेदना होते, अर्धे मस्तक दुखते, आणि उपेक्षा केल्यास थोड्याच दिवसांत दृष्टी जाते. हे वर्णन काचबिंदूच्या तीव्र प्रकाराशी पुष्कळ मिळतेजुळते आहे. पाश्चात्त्य वैद्यकातही हाच घोटाळा होता. 'ग्लॉकोमा' हा शब्द समुद्राच्या निळसर-हिरवट रंगाच्या वाचक ग्रीक शब्दावरून आला असून कित्येक शतके त्याचा अर्थ अनिश्चितच होता.

वस्तुतः दोन्ही विकारांत मूलभूत भेद आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविले की, डोळ्याचा बाकीचा भाग निरोगी असल्यास, दृष्टी परत मिळते. काचबिंदूत भिंग स्वच्छ असू शकते. नाश होतो तो डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टितंत्रिकेचा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याचा. या जुडग्यात सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. त्यातील एकदा नष्ट झालेला तंतू पुन्हा उगवत नाही.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व फार मोठे आहे. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबावे, अशी समजूत एके काळी सर्वत्र रूढ होती, आणि आजही घरोघरी वडीलधारी माणसे ती बोलून दाखवितात. आधुनिक शस्त्रक्रियेत मोतीबिंदूसाठीदेखील तसे थांबण्याची आवश्यकता उरलेली नाही; पण तेथे थांबल्याने गेलेली दृष्टी सहसा परत तरी मिळते. तीच समजूत काचबिंदूला लावली तर प्रतीक्षेत गेलेला प्रत्येक महिना कायमचा गेलेला असतो. नेत्रदानाविषयीही असाच गैरसमज आढळतो. दान केलेल्या डोळ्यातून स्वच्छमंडल, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी भागाचे पारदर्शक पटल, दुसऱ्यास बसविता येते. दृष्टितंत्रिका बसविता येत नाही. म्हणून काचबिंदूने गेलेली दृष्टी नेत्रदानाने परत येत नाही.

डोळ्यातील पाण्याचा निचरा

डोळ्याचा गोल आकार टिकून राहावा यासाठी त्याच्या आत काही एक दाब असावा लागतो. हा दाब नेत्रजलामुळे राहतो. नेत्रजल म्हणजे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात. नेत्रजल हा आतील स्वच्छ द्रव होय. बाहुलीभोवती जो रंगीत पडदा दिसतो त्याला परितारिका म्हणतात. तिच्या मागील बाजूस असलेल्या एका स्रावी अवयवात नेत्रजल दर मिनिटास सुमारे दोन ते तीन घनमिलिमीटर इतक्या संथ गतीने निर्माण होते. ते बाहुलीतून पुढे येते आणि परितारिका व स्वच्छमंडल जेथे मिळतात त्या कोनात असलेल्या चाळणीसारख्या जाळ्यातून पाझरून रक्तप्रवाहात मिसळते.

इमारतीच्या गच्चीवरील टाकीत पाणी येण्याचा वेग व बाहेर जाण्याचा वेग सारखा असेल तोवर पातळी स्थिर राहते. डोळ्याचेही तसेच आहे. निचऱ्याचा मार्ग अरुंद झाला तर दाब वाढतो. मात्र डोळा ही सर्व बाजूंनी बंद टाकी असल्यामुळे जास्तीचे पाणी ओसंडून जाऊ शकत नाही. दाबाचा परिणाम सर्वांत नाजूक जागी होतो, आणि ती जागा म्हणजे दृष्टितंत्रिका जेथून नेत्रगोलाच्या बाहेर पडते तो वाटोळा भाग. निरोगी डोळ्यातही या वर्तुळाच्या मध्यभागी बशीच्या आकाराची लहान खळगी असते. तंतू मरत गेले की ही खळगी रुंद व खोल होते. तज्ज्ञ डोळ्याच्या आत पाहून काचबिंदू ओळखतो तो मुख्यतः या खळगीवरून.

दोन प्रकार

काचबिंदूचे मुख्यतः दोन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात निचऱ्याचा कोन उघडा असतो, पण जाळ्यातून पाझरण्याची क्रिया मंदावते. यास विवृतकोन काचबिंदू म्हणतात. हा वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी गळत नाही, वाचनात अडथळा येत नाही.

दुसऱ्या प्रकारात परितारिका पुढे सरकून कोनाचे तोंडच बंद करते. यास संवृतकोन काचबिंदू म्हणतात. ज्यांचे डोळे आकाराने लहान आहेत, ज्यांना दूरच्या वस्तूंसाठीही अधिक नंबरचा चष्मा लागतो, अशांत व विशेषतः उतारवयातील स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. युरोपच्या मानाने आशियातील लोकांत हा प्रकार जास्त आढळतो. तो संथपणेही वाढू शकतो. परंतु कोन एकाएकी बंद झाल्यास काही तासांत दाब भयंकर वाढतो. डोळा लाल होतो, असह्य ठणका लागतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात, दृष्टी धुरकटते आणि ओकाऱ्या सुरू होतात. ओकारी व डोकेदुखी या दोन लक्षणांमुळे घरातील माणसे पित्त किंवा अर्धशिशी समजून घरगुती उपाय करीत रात्र काढतात, आणि त्या एका रात्रीत डोळा जाऊ शकतो. डोकेदुखी व ओकारी यांच्या जोडीला डोळा लाल झाला असेल व अंधुक दिसत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे हाच एक उपाय होय.

याखेरीज काही वेळा काचबिंदू दुसऱ्या कारणांनी होतो. डोळ्यावर बसलेला जोराचा मार हे त्यातील एक कारण. मार लागल्यानंतर कित्येक वर्षांनीही निचऱ्याच्या कोनाचा बिघाड प्रकट होऊ शकतो. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटाने आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. २३ मे २०२४ रोजी त्याच परिसरात पुन्हा मोठा स्फोट झाला. अशा घटनांत, कारखान्यातील अपघातात किंवा मैदानावर चेंडू लागून ज्याच्या डोळ्यास इजा झाली असेल त्याने जखम भरली म्हणून निश्चिंत न राहता वर्षातून एकदा नेत्रदाब तपासून घेणे इष्ट आहे.

दुसरे कारण औषधाचे आहे. डोळ्याची खाज व लाली झटपट शमविणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. वैद्याच्या देखरेखीखाली ते गुणकारी आहे. पण जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तीच बाटली महिनोगणती घेत राहिल्यास काही माणसांत नेत्रदाब वाढतो. दरवर्षी उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी याविषयी विशेष जागरूक असावे.

तो ध्यानात का येत नाही

काचबिंदूचा रोगी आपणास दिसत नाही असे म्हणत नाही. कारण त्याला जे दिसते ते स्पष्ट दिसते. हा विकार प्रथम दृष्टिक्षेत्राच्या कडेचा भाग खातो आणि मध्यभाग बहुधा शेवटपर्यंत राखून ठेवतो. वाचन, शिवण, मोबाइलच्या पडद्यावरील अक्षरे, भाजी निवडणे ही सर्व कामे मध्यदृष्टीची आहेत. त्यात उणीव भासत नाही. शिवाय एका डोळ्याने न दिसणारी जागा दुसरा डोळा भरून काढतो. दोन्ही डोळ्यांत उणीव असली तरी मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून ती जागा सारवून टाकतो. काचबिंदूत काळे डाग दिसतात अशी सामान्य कल्पना आहे. पण प्रत्यक्षात त्या ठिकाणी काळे असे काही दिसत नाही. तेथे जी वस्तू असते ती नसल्यासारखी होते, एवढेच.

ही उणीव घरात बसून कळत नाही. ती कळते रस्त्यावर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि त्यानंतर या पट्ट्याचे सर्व जीवन रेल्वेच्या वेळापत्रकाभोवती गुंफले गेले. डोंबिवलीच्या पुलावरून सकाळच्या गर्दीत उतरणाऱ्या माणसास पुढच्या डोक्यांबरोबरच पायाखालची पायरी व बगलेने येणारा माणूस यांचेही भान ठेवावे लागते. हे भान कडेच्या दृष्टीवर अवलंबून असते. उतरताना शेवटची पायरी चुकणे, बाजूने आलेल्या माणसावर वारंवार आदळणे, रस्ता ओलांडताना रिक्षा एकाएकी 'कोठून तरी' आल्यासारखी वाटणे, ताटाच्या कडेची वाटी हाताने कलंडणे, या गोष्टींना घरचे लोक वेंधळेपणा म्हणतात व ती व्यक्तीही वयाला दोष देते. त्यातील प्रत्येक गोष्ट काचबिंदूमुळेच घडते असे मुळीच नाही. पण त्या वारंवार घडू लागल्या तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घेण्यास त्या पुरेसे कारण आहेत. मात्र अशी चिन्हे दिसू लागतात तेव्हा विकार बराच पुढे गेलेला असतो. दृष्टितंत्रिकेतील तंतूंचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भाग नष्ट होईपर्यंत दृष्टिक्षेत्राच्या नेहमीच्या यांत्रिक परीक्षेतही दोष दिसू नये, असे घडू शकते. म्हणून लक्षणांची वाट पाहणे हा काचबिंदू ओळखण्याचा मार्गच नव्हे.

डोळ्याच्या आत पाहण्याची विद्या

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आतील भाग पाहता येऊ लागला तो १८५१ साली, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स याने नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केले तेव्हापासून. त्यानंतर काही वर्षांतच बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे याने दृष्टितंत्रिकेवरील खळगीकडे लक्ष वेधले, आणि परितारिकेचा छोटा भाग कापून काढल्याने तीव्र काचबिंदू शमतो हे १८५७ साली दाखविले. नेत्रदाब मोजण्यासाठी नॉर्वेच्या श्योट्स याने १९०५ साली सुटसुटीत दाबमापक तयार केला. भारताचाही या इतिहासात वाटा आहे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून नेत्रजलास वाट करून देणारी शस्त्रक्रिया १९०९ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे कित्येक वर्षे ती जगभर प्रचारात होती. आज रूढ असलेली शस्त्रक्रिया १९६८ साली केर्न्स यांनी वर्णिली. तिचे मूळ तत्त्वही नेत्रजलास नवी वाट करून देण्याचेच आहे.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. डोळ्याच्या आत पाहिल्यावाचून काचबिंदू कळत नाही. बाहेरून पाहून, तक्ता वाचवून किंवा रोग्याची हकीकत ऐकून त्याचे निदान करण्याचा मार्ग अद्याप कोणासही सापडलेला नाही.

दाबाचा आकडा आणि विदर्भातील पाहणी

नेत्रदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. १० ते २१ हे सामान्य माप समजले जाते. परंतु २१ च्या वर म्हणजे रोग आणि खाली म्हणजे आरोग्य, असा हिशेब येथे चालत नाही. दाब अधिक असूनही ज्यांच्या दृष्टितंत्रिकेला धक्का लागलेला नाही अशी माणसे आहेत. उलट सामान्य दाबातही तंतू नष्ट होत गेलेले रोगी थोडेथोडके नाहीत.

दाबाच्या आकड्यावर स्वच्छमंडलाच्या जाडीचाही परिणाम होतो. दाबमापक स्वच्छमंडल किंचित दाबून आतील दाबाचा अंदाज घेतो. स्वच्छमंडल पातळ असेल तर ते सहज दबते आणि आकडा वास्तवापेक्षा कमी येतो. या संदर्भात महाराष्ट्रात झालेली एक पाहणी उल्लेखनीय आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या ग्रामीण भागात 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' या नावाने तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींचे डोळे तपासण्यात आले. त्यात स्वच्छमंडलाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रोमीटर आढळली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४० च्या आसपास असते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पातळ स्वच्छमंडल हे काचबिंदू होण्याच्या संभवाचे एक महत्त्वाचे गमक ठरले होते. यावरून निघणारा बोध असा की आपल्याकडील रोग्यास 'दाब सतरा आहे, काळजी नको' एवढे उत्तर पुरेसे मानता येत नाही. दाबाबरोबरच स्वच्छमंडलाची जाडी, कोनाची स्थिती आणि दृष्टितंत्रिकेचे स्वरूप यांचा एकत्र विचार व्हावा लागतो.

प्रश्नाचे आकारमान

भारतात चाळीस वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली तज्ज्ञांनी प्रसिद्ध केला. तामिळनाडूच्या ग्रामीण भागातील पाहणीत चाळिशीच्या पुढील लोकांत त्याचे प्रमाण २.६ टक्के आढळले होते. ही पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. देशात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या अशा पाहण्यांत एक गोष्ट वारंवार दिसून आली. ज्यांना काचबिंदू आढळला त्यांच्यापैकी दहांतील सुमारे नऊ जणांना तो आपणास आहे याची कल्पनाच नव्हती.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीपुरता हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक व कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. दोन्ही मिळून सुमारे ३० लाख. त्यांतील चौथा हिस्सा चाळिशी ओलांडलेला धरला तर ती संख्या साडेसात लाख होते. तिला २.६ टक्क्यांचे प्रमाण लावल्यास काचबिंदूचे रोगी सुमारे १९ ते २० हजार भरतात, आणि त्यांतील सतरा-अठरा हजारांना आपल्या विकाराची जाणीव नसावी असे मानावे लागते. हे गणित केवळ दिशा दाखविणारे आहे. ग्रामीण तामिळनाडूचे प्रमाण या शहरांस तंतोतंत लागू पडेलच असे नाही. तथापि गर्दीच्या वेळच्या तीन-चार लोकलगाड्या भरतील एवढी माणसे नकळत दृष्टी गमावीत असावीत, ही शक्यता उपेक्षणीय नाही.

येथे नेत्रशिबिरांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याने प्रामुख्याने मोतीबिंदूवर लक्ष केंद्रित केले. ते योग्यच होते, कारण अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण तेच होते व आजही आहे. गणेशोत्सव मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ व सेवाभावी संस्था भरवीत असलेली शिबिरेही बहुधा मोतीबिंदू शोधण्यासाठी असतात. तेथून 'मोतीबिंदू नाही' असे उत्तर घेऊन परतलेला मनुष्य आपले डोळे निर्दोष ठरले असे समजतो. त्या उत्तराचा अर्थ तेवढा व्यापक नसतो. शिबिराच्या संयोजकांनी नेत्रदाब व दृष्टितंत्रिका पाहण्याची जोड दिली, तर त्याच खटाटोपात कितीतरी अधिक दृष्टी वाचेल.

उपचाराचे मर्म

काचबिंदू बरा होत नाही. तो आटोक्यात ठेवता येतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. राहिलेली राखता येते. हे मर्म रोग्यास प्रारंभीच न समजल्यास उपचार फसतात. थेंब टाकून महिना झाला तरी नजर सुधारली नाही, म्हणून औषध सोडून देणारे रोगी पुष्कळ असतात. वस्तुतः नजर होती तेवढी राहणे हेच औषधाचे यश होय.

सर्व उपचारांचा उद्देश नेत्रदाब कमी करणे हा आहे. आरंभीच्या काचबिंदूविषयीच्या एका दीर्घ चाचणीत असे आढळले की दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने उतरला तरी विकार पुढे सरकण्याचा संभव सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. थेंबांचे मुख्य प्रकार दोन. काही थेंब नेत्रजलाची निर्मिती कमी करतात. टिमोलॉल हे त्यातील जुने व स्वस्त औषध. मात्र ज्यास दमा आहे किंवा ज्याची नाडी मंद आहे त्याने ते आपणहून कधीही घेऊ नये आणि डॉक्टरांस आपल्या विकाराची आठवण द्यावी. दुसरे थेंब निचरा वाढवितात. लॅटानोप्रोस्ट हे त्या वर्गातील असून ते दिवसातून एकदाच, बहुधा रात्री, टाकावयाचे असते. पहाटेची गाडी गाठून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसास अशी एकवेळची योजना पाळणे सुकर जाते. आपली दिनचर्या डॉक्टरांना सांगितल्यास औषध ठरविताना तिचा विचार करता येतो.

थेंब टाकण्याची रीतही महत्त्वाची आहे. खालची पापणी हलकेच ओढून तेथे एकच थेंब टाकावा, डोळा मिटावा, आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. म्हणजे औषध नाकावाटे रक्तात जात नाही. दोन निरनिराळी औषधे असल्यास मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. एकाच वेळी दोन-तीन थेंब टाकल्याने गुण वाढत नाही. डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा नसते, बाकीचे औषध गालावर ओघळते.

संवृतकोन काचबिंदूत लेसर किरणांनी परितारिकेला सूक्ष्म छिद्र पाडून नेत्रजलास वाट करून देतात. कोन अरुंद असल्याचे आधीच कळले व डॉक्टरांस धोका वाटला, तर हा उपाय करून तीव्र झटका टाळता येतो. विवृतकोन प्रकारातही निचऱ्याच्या जाळ्यावर लेसरचा प्रयोग करतात. २०१९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रथमच हा उपचार घेतलेल्या रोग्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जणांचा दाब तीन वर्षांपर्यंत थेंबांवाचून आटोक्यात राहिला. थेंब व लेसर अपुरे पडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रियेनंतरही नियमित तपासणीतून सुटका नाही.

आहाराने किंवा व्यायामाने काचबिंदू जातो असे समजण्यास आधार नाही. चालण्यासारखा व्यायाम प्रकृतीस हितावहच आहे. परंतु शीर्षासनाबाबत सावधगिरी बाळगली पाहिजे. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी नेत्रदाब सुमारे दुपटीने वाढतो असे दिसून आले. म्हणून काचबिंदूच्या रोग्याने शीर्षासन वर्ज्य करावे व योगशिक्षकास आपला विकार सांगावा.

कोणी आणि केव्हा तपासून घ्यावे

आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणास काचबिंदू असेल तर त्या व्यक्तीचा धोका इतरांच्या कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून एका घरात एक रोगी आढळला की त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांना व प्रौढ मुलांना कळविणे हे उपचाराचेच एक अंग समजले पाहिजे. आपल्या समाजात विकार लपविण्याची प्रवृत्ती आहे. येथे ती भावंडांच्या दृष्टीवर बेतू शकते. ज्यांना जवळच्या दृष्टीचा मोठा नंबर आहे, मधुमेह आहे, ज्यांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले आहे अथवा ज्यांच्या डोळ्यास मार लागला आहे, त्यांनीही चाळिशीची वाट पाहू नये.

रेल्वेच्या व्यवस्थेत यासंबंधी एक अनुकरणीय गोष्ट आहे. गाडी चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांचे डोळे ठराविक वर्षांनी तपासले जातात आणि वय वाढेल तसतसा हा कालावधी कमी होत जातो. तक्रार असो वा नसो, तपासणी चुकत नाही. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात ही रीत अनेक कुटुंबांना परिचित आहे. हाच नियम प्रत्येकाने स्वतःस लावून घ्यावा : चाळिशीत एकदा संपूर्ण नेत्रतपासणी, त्यानंतर साठीपर्यंत दर दोन ते तीन वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी. धोक्याच्या गटातील व्यक्तींनी डॉक्टर सांगतील तितक्या लवकर.

ही तपासणी महागड्या ठिकाणीच होते असे नाही. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तसेच मुंबईतील सर ज. जी. रुग्णालय या सार्वजनिक संस्थांत नेत्रविभाग आहेत. कोठेही गेले तरी मागणी स्पष्ट असावी. चष्म्याचा नंबर काढून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत : डोळ्याचा दाब मोजला काय? डोळ्याच्या मागील भाग व दृष्टितंत्रिका पाहिली काय? निचऱ्याचा कोन किंवा दृष्टिक्षेत्र तपासण्याची आवश्यकता आहे काय? मिळालेले आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावेत. कारण काचबिंदूचा निर्णय पुष्कळदा एका तपासणीवर होत नाही, तर दोन-चार वर्षांच्या नोंदींची तुलना केल्यावर होतो.

चष्म्याच्या दुकानदारांचाही या कामी मोठा उपयोग होऊ शकतो. पहिल्यांदा चाळिशी घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकास त्यांनी 'नेत्रतज्ज्ञाकडून आतून डोळे तपासून घेतले का?' एवढे विचारले, तरी दुकानाची पायरी चढलेल्या कित्येकांना वेळीच सूचना मिळेल. दरवर्षी मार्च महिन्यात जागतिक काचबिंदू सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील शाळा, ग्रंथालये आणि गृहनिर्माण संस्था यांनी हा विषय हाती घेतल्यास तो घरोघरी पोहोचेल. चाळिशीचा चष्मा प्रत्येकालाच एक दिवस घ्यावा लागतो. त्याच दिवशी तज्ज्ञाने डोळ्याच्या मागील भागावर एक नजर टाकली, तर काचबिंदूने होणारे बरेचसे अंधत्व टाळता येण्यासारखे आहे.